मळी निघाली, काहिलीचं काय?

पिशवी बघितली आणि आमच्या गुऱ्हाळावरची मळी आठवली. रक्त गाळायच्या मशीनच्या बाजूला हुकाला एक जाड प्लास्टिकची पिशवी लोंबत होती आणि तिच्यात पिवळट, गढूळ, वरणावरच्या निवळीसारखं काहीतरी थेंबथेंब साठत होतं. "हा तुमचाच माल, काका," टेक्निशियन पोरगं म्हणालं. यार्डात तीस वर्षं लोकांचा माल पारखला, स्वतःचा असा टांगलेला पहिल्यांदाच बघत होतो.

आमचं घर तीन पिढ्या गुळात. करवीर तालुक्यात गुऱ्हाळ, कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात अडत. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उकळायला लागला की भेंडीचं पाणी सोडायचं, मळी वर येते, गुळव्या ती काढत बसतो. मळी जेवढी नीट निघेल तेवढा गूळ पिवळाधमक. त्यामुळं "रक्तातलं कोलेस्टेरॉल गाळून काढतात" असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. नवल पुढं वाटलं, बिल हातात पडल्यावर.

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर आणि यार्डात रोज कोणी ना कोणी विचारतं, "आण्णा, रक्त धुऊन आलासा म्हणे, आम्ही बी जाऊ काय?" सांगून सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. पुण्यातला मोठा दवाखाना, एवढं पुरे.

सुरुवात उजव्या पोटरीनं झाली. बिंदू चौकातनं महाद्वार रोडकडं चालत निघालो की शे-दीडशे पावलांवर पोटरीत गोळा यायचा, कुणीतरी ओला पंचा पिळल्यागत. दोन मिनिटं उभं राहिलं की गायब. पुन्हा तेवढीच पावलं, पुन्हा गोळा. भर रस्त्यात नुसतं उभं कसं राहायचं, म्हणून मी गुजरीत एखाद्या काचेपुढं थांबून दागिने बघितल्यासारखं करायचो. एका दुकानदारानं चौथ्या दिवशी खुर्ची दिली आणि चहा मागवला. आमच्या हिला कुणीतरी जाऊन सांगितलं, "तुमचे मालक रोज पाटल्या बघत्यात." पुढचे आठ दिवस घरात माझी काय बडदास्त होती म्हणता!

पहिल्या डॉक्टरांनी सायटिका म्हणून सांगितलं. कंबरेचा एक्स-रे, पट्टा, गोळ्या, यात सहा महिने गेले. पावलावरची नाडी कुणी बोट लावून बघितली नाही, आणि त्याला दहा सेकंद लागतात. शेवटी भाच्याच्या ओळखीतल्या एका तरुण डॉक्टरनं आधी हाताला, मग घोट्याला प्रेशरचा पट्टा बांधला, पेनासारखं डॉप्लर टेकवलं आणि भागाकार केला. घोट्याचं प्रेशर भागिले हाताचं. उत्तर ०.९ च्या खाली आलं की पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे असं धरतात. माझं ०.५२. (आपण 'नस' म्हणतो, डॉक्टर प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे, "नस नव्हे, रोहिणी." मी नसच म्हणणार.) एक लक्षात ठेवा, साखर जुनी असली की नसा कडक होऊन हा आकडा खोटाच चांगला येतो. अशा माणसानं पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघायला सांगावं.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. अडतीस वर्षं आधी बिडी, मग चार पैसे आल्यावर सिगारेट. पण रक्तात आणखी एक चोर सापडला. लायपोप्रोटीन-ए. हा एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचाच भाऊबंद, आईबापाकडनं येतो. पथ्य केलं म्हणून कमी होत नाही, आणि कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या स्टॅटिन गोळ्यांनाही दाद देत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर गेला की धोका धरतात, माझा १४८ होता. आमचे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी काहिलीपाशी छातीत कळ येऊन गेले. तेव्हा सगळे म्हणाले होते, चुलवाणाची उष्णता बाधली. घरी रिपोर्ट वाचताना मला पहिल्यांदा ते आठवले.

मधल्या काळात मी एक गाढवपणाही केला. 'ब्लॉकेज विरघळवणारी सलाईन, ऑपरेशनची गरज नाही' अशी जाहिरात बघून एका ठिकाणी गेलो. तीस बाटल्यांचं पॅकेज. सहा घेतल्या. त्या बाटलीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. शिशासारखे विषारी धातू अंगातनं काढायला ते खरोखर वापरतात, पण नसांना आतनं बसलेला थर त्यानं विरघळतो असं काही सिद्ध झालेलं नाही. अमेरिका-कॅनडात मधुमेह असलेल्या आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्या हजार लोकांवर त्याची मोठी चाचणी झाली, निकाल २०२४ मध्ये आला, फायदा दिसला नाही. माझी पोटरी होती तिथंच राहिली, पैसे तेवढे विरघळले. कोल्हापुरात लोक त्या सलाईनलाही 'रक्त धुणं' म्हणतात आणि मी पुण्यात केलं त्यालाही. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

गणपतीत नवीन कोल्हापुरी घेतली, चांगली करकर वाजणारी. तिचा अंगठा लागला. पूर्वी असं लागलं की खोबरेल लावायचं आणि चार दिवसांत विसरायचं. या वेळी तीन आठवडे झाले तरी जखम ओली, आणि कडेनं काळी पडायला लागली. रात्री पलंगावर पाय ठणकायचा, खाली सोडून बसलं की बरं वाटायचं. दसऱ्याच्या आसपास अँजिओप्लास्टी झाली. मांडीतली नस फुग्यानं उघडली. पण पोटरीत खाली तीन नसा असतात, त्यातल्या दोन बंदच राहिल्या, तार पुढं सरकेना. आकडा ०.५२ वरनं ०.७० वर आला. जखम मात्र हट्टाला पेटलेली.

तेव्हा डॉक्टरांनी हे मशीन सुचवलं. त्यांचं म्हणणं असं, की एलडीएल आणि लायपोप्रोटीन-ए तर उतरतीलच, शिवाय रक्त दाट करणारं, गोठवणारं फायब्रिनोजेनही उतरतं. रक्त पातळ झालं की उरलेल्या बारीकसारीक नसांतनं ते पुढं सरकतं आणि जखमेपर्यंत पोचायची शक्यता वाढते. मी विचारलं, "मग बंद नसा उघडतील?" ते म्हणाले, "नाही." असं सरळ 'नाही' म्हणणारा डॉक्टर मला त्या वर्षात पहिल्यांदा भेटला. मी होकार दिला तो त्या 'नाही'वर.

आता सेवेचं बोलतो.

पहिली फेरी फुकट गेली. वेळ फोनवर ठरवली होती. सातारा-कागल रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं, डायव्हर्जन झेलत पाच तास पाय खाली सोंडेगत लोंबकळत ठेवून गेलो. वंदे भारतचे वार जुळत नव्हते. सिस्टरनी गोळ्यांची यादी मागितली. आमच्या हिनं पर्समधली पिशवीच टेबलावर ओतली. सिस्टरनी एक पट्टी उचलली आणि विचारलं, "ही आज सकाळी घेतली?" बीपीची रामिप्रिल होती. घेतली होती. "मग आज नाही करता येणार."

कारण नंतर कळलं. रक्त असं नळ्यांतनं आणि गाळण्यांतनं फिरतं तेव्हा अंगात ब्रॅडिकिनिन नावाचा पदार्थ वाढू शकतो. रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या तो मोडू देत नाहीत, आणि मग बीपी धाडकन खाली येऊ शकतं. म्हणून त्या एक-दोन दिवस आधी बंद ठेवतात, किंवा बदलून देतात. मला टेल्मिसार्टन दिली. सिस्टरनी पकडलं याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी मार्क. फोनवर वेळ देणाऱ्यांनी एका ओळीत विचारलं असतं तर साडेचारशे किलोमीटरची ये-जा वाचली असती. त्याला शून्य. जाणार असाल तर गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो आधी पाठवा आणि समोरच्यानं तो वाचला का ते विचारा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

दहा खेपा ठरल्या होत्या, आठवड्याला दोन. मग कोथरूडला बहिणीकडं मुक्कामच टाकला. पाडव्याचे गुळाचे सौदे यार्डात निघाले तेव्हा मी पुण्यात सुया टोचून घेत होतो. पोरानं व्हिडिओ कॉलवर सौदा दाखवला. सिस्टर विचारत होत्या, हे लोक एवढे ओरडतात कशाला.

मशीन डायलिसिसच्या मशीनच्या नात्यातलं आहे, पण किडनीचं काम करत नाही. दोन्ही हातांच्या शिरांत एक-एक जाड सुई. एका हातातनं रक्त निघतं, रक्त गोठू नये म्हणून त्यात हेपारिन मिसळतात. पहिल्या गाळणीत लाल पेशी एकीकडं आणि पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, दुसरीकडं. तो प्लाझ्मा मग आणखी बारीक भोकांच्या दुसऱ्या गाळणीत जातो. एलडीएल, लायपोप्रोटीन-ए, फायब्रिनोजेन हे अंगानं मोठे, ते अडकतात. अल्ब्युमिन हे रक्तातलं कामाचं प्रोटीन लहान, ते बहुतेक पार होतं, चांगलं कोलेस्टेरॉलही बरंचसं सुटतं. गाळलेला प्लाझ्मा लाल पेशींना परत भेटतो आणि दुसऱ्या हातानं घरी. अंगात प्लाझ्मा तीन लिटरच्या आसपास असतो, तेवढा सगळा एका खेपेत फिरवला. वेळ अडीच-तीन तास. याला ते 'डबल फिल्ट्रेशन' म्हणतात. दुसरी एक तऱ्हा जपानी आहे. तिथं दुसऱ्या गाळणीऐवजी डेक्स्ट्रान सल्फेट लावलेल्या बारीक मण्यांचा कॉलम असतो, एलडीएल त्या मण्यांना चिकटतं. एक कॉलम भरला की प्लाझ्मा दुसऱ्यावर वळवतात आणि पहिला मिठाच्या पाण्यानं धुऊन परत कामाला लावतात. हे ऐकून मला राहवलं नाही, म्हटलं आमच्याकडंही दोन काहिली आलटून पालटून चालतात.

जपानात पायाच्या या आजारासाठी विम्यातनं तीन महिन्यांत दहा खेपांपर्यंत मुभा आहे, माझा दहाचा आकडा तिथूनच आला. जर्मनीत लायपोप्रोटीन-ए ६० मिलिग्रॅमच्या वर असेल आणि आजार वाढतच असेल तर २००८ पासून हे विम्यात बसतं. ऐकायला भारदस्त वाटतं, पण पायासाठीचे बहुतेक अभ्यास थोड्या-थोड्या पेशंटांवरचे आहेत. हे मला डॉक्टरांनीच सांगितलं, जाहिरातीत कुणी सांगत नाही.

खुर्चीबद्दल लिहिलंच पाहिजे. खुर्ची महागडी, बटण दाबलं की मागं झुकते आणि पाय वर उचलते. पहिल्या दिवशी कौतुकानं पाय वर करून बसवलं. वीस मिनिटांत पाऊल पांढरं पडलं आणि असा ठणका सुरू झाला की सुया उपटून पळावं वाटलं. ज्याच्या पायात मुळात रक्त पोचत नाही त्याचा पाय हृदयापेक्षा उंच केला तर आहे तेवढंही खाली येणार कसं? पण तो वॉर्ड डायलिसिसवाल्यांचा, त्यांच्या सवयीचं ते आसन. एका वयस्क सिस्टरांच्या ध्यानात आलं, त्यांनी पायाकडची बाजू खाली केली, आणि पाच मिनिटांत रंग परत आला. पुढच्या खेपेला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खुर्चीला चिकटवलं होतं, 'पाय खाली'. ते कुणी केलं माहीत नाही, पण त्या चिठ्ठीला पाच तारे.

एसी मात्र कुलूप लावल्यासारखा एकाच आकड्यावर. फिरून येणारं रक्त थोडं गार झालेलं असतं, त्यात वरनं गारठा, दुसऱ्या तासाला दातावर दात वाजायला लागतात. थंडीनं नसा आणखी आकसतात. तिसऱ्या खेपेपासनं घरची घोंगडी घेऊन गेलो. पहिल्यांदा नाकं मुरडली, मग शेजारच्या खुर्चीवरच्या आजी म्हणाल्या, "अर्धी इकडं टाका."

चहा-बिस्किटं फुकट, चहा पांचट. मेडिकलच्या खिडकीवर हेपारिनसुद्धा आपणच जाऊन आणायचं, त्याला रांग. संडास स्वच्छ, पण वॉर्डापासनं लांब, आणि पाय दुखणाऱ्या माणसाला ते अंतर म्हणजे महाद्वार रोडच.

आकडे सांगतो. पहिल्या खेपेआधी एलडीएल १६४, संपल्या-संपल्या ४९. लायपोप्रोटीन-ए १४८ वरनं ५१. मी खूश होऊन पोराला फोन केला. चार दिवसांनी दुसऱ्या खेपेआधी रक्त घेतलं, एलडीएल ९६! वाटलं मशीन बिघडलंय. तसं नाही. लिव्हर कारखाना बंद करत नाही, रोज नवीन माल काढतंच, त्यामुळं एक-दोन आठवड्यांत आकडा जवळजवळ होता तिथं येतो. म्हणून ज्यांना कायमची गरज असते त्यांना दर आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला खुर्चीत बसावं लागतं. जन्मतःच दोन्ही बाजूंनी खराब जीन घेऊन आलेली मुलं असतात, त्यांचं एलडीएल ५०० च्या वर असतं. त्यांच्यासाठी हे मशीन खरं वरदान. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बाराएक वर्षांची एक पोरगी यायची, कोपराला आणि टाचेला कोलेस्टेरॉलच्या पिवळट गाठी. ती सुया टोचताना गाणं म्हणायची. मी त्या दिवसापासनं कुरकुर बंद केली.

आणि इथं माझा मुख्य मुद्दा. काहिलीत रस असताना मळी काढली की पाक निर्मळ होतो. पण काहिलीच्या बुडाला जी करपलेली खरपूड धरलेली असते ती त्यानं निघत नाही, तिला घासायलाच लागतं. हे मशीन रस गाळतं. दहा खेपांनंतर माझा घोट्याचा आकडा किती झाला? ०.७३. म्हणजे जवळपास तेवढाच. बंद दोन नसा आजही बंद आहेत. बदललं ते हे, की सहाव्या खेपेनंतर पाऊल हाताला गरम लागायला लागलं, रात्रीचा ठणका गेला, आणि जखम नवव्या आठवड्यात भरली.

ती मशीननं भरली का? कबूल करतो, मला ठामपणे सांगता येणार नाही. त्याच काळात अँजिओप्लास्टीचा फायदा चालू होता, रोज ड्रेसिंग होतं, आणि पंचेचाळीस दिवस मी सिगारेटला हात लावला नव्हता, कारण बहिणीच्या घरात बाल्कनीतही परवानगी नाही. मशीनचा वाटा आहे असं माझं मत, पण मी अडत्या आहे. चार शेतकऱ्यांचा गूळ एका गाडीत आला तर कुणाच्या ढेपेला भाव मिळाला ते सांगायला वेगळी चिठ्ठी लागते, आणि इथं ती नव्हती.

त्रास म्हणाल तर दोनदा बीपी उतरलं, सलाईन देऊन सावरलं. कोपराशी हिरवेनिळे डाग पडले. एकदा खेपेच्या दुसऱ्या दिवशी दाढी करताना जरा कापलं तर टॉवेल भिजेपर्यंत रक्त थांबेना. फायब्रिनोजेन उतरलेलं, वर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू. खेपेच्या आसपास दात काढणं वगैरे उद्योग करू नका.

पैसे. एका खेपेचं बिल पाच आकडी, आणि त्यातला मोठा भाग त्या दोन गाळण्यांचा, ज्या एकदाच वापरून फेकतात. मेडिक्लेमवाल्यांनी आधी 'चोवीस तास ॲडमिट नव्हता' म्हणून नाकारलं, मग 'ही ट्रीटमेंट यादीत नाही' म्हणून. सुनेनं चार पत्रं लिहिली, निम्मे पैसे आले. सून बँकेत आहे, तिची पत्रं वाचून मलाच भीती वाटते.

तर मग तुम्ही जावं का? पोटरी दुखते एवढ्यासाठी तर अजिबात नको. साधं एलडीएल वाढलेलं असेल तर स्टॅटिन आहे, एझेटिमाइब आहे, आणि त्यानं भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत. काही पंधरा दिवसांनी, तर एक सुरुवातीचे दोन डोस झाले की सहा महिन्यांतनं एकदा. मी आता पंधरा दिवसांचं घेतो, एलडीएल ५८ आहे. लायपोप्रोटीन-ए त्यानं थोडाच उतरतो, म्हणून तोच एक राहिलाय. जखम भरत नाही, फुगा किंवा बायपास शक्य नाही आणि रक्तात असा हट्टी माल आहे, अशा माणसानं आपल्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनला जरूर विचारावं.

त्या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात स्वस्त औषध फिजिओथेरपीच्या मॅडमनी दिलं. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा निघायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातनं निदान तीनदा, तीन महिने. मी म्हटलं, "मॅडम, दुखतं म्हणून तर आलोय." त्या म्हणाल्या, "दुखू द्या काका, त्यानंच शेजारच्या बारक्या वाटा वापरात येतात." जखम भरल्यावर रंकाळ्यावर सुरू केलं. पहिल्या दिवशी दोन बाकांच्या मधे एकदा थांबलो. आता टॉवरपासनं निघून पाचव्या बाकाला पहिला गोळा येतो. बंद बूट घालतो, आतनं रोज हात फिरवून खडा बघतो. ती कोल्हापुरी पुतण्याला दिली, यार्डात तो करकर वाजवत येतो.

जाणारच असाल तर शेवटची एक सूचना. दोन्ही हातांत सुया असतात, तीन तास कोपर वाकवता येत नाही. फोन लागत नाही, चष्मा घसरला तर घसरला, आणि नाक नेमकं तेव्हाच खाजतं. आमची ही दहाही वेळा शेजारी बसून होती. पाटल्या अजून घ्यायच्या आहेत.